प्रस्तावना : ताण आणि स्वास्थ्य मोजताना

इंग्लंडमध्ये सॅलिसबरी शहराजवळ सर्दीचा अभ्यास करणारे एक संशोधन केंद्र होते. निरोगी स्वयंसेवक तिथे मुक्कामाला येत. त्यांच्या नाकात विषाणूचे थेंब सोडले जात आणि पुढचे काही दिवस त्यांना वेगळे ठेवून कोणाला सर्दी होते, कोणाला होत नाही याची नोंद घेतली जाई. शेल्डन कोहेन, डेव्हिड टायरेल आणि अँड्र्यू स्मिथ या संशोधकांनी थेंब देण्याआधी आणखी एक काम केले. प्रत्येकाकडून त्यांनी प्रश्नावल्या भरून घेतल्या. अलीकडे आयुष्यात कोणत्या मोठ्या घटना घडल्या, परिस्थिती आपल्या आवाक्याबाहेर चालली आहे असे किती वेळा वाटते, मन किती उदास किंवा चिडलेले असते, असे ते प्रश्न होते. ३९४ जणांना पाचपैकी एका विषाणूचे थेंब मिळाले, तर २६ जणांना नुसते मिठाचे पाणी. निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. ताणाचा प्राप्तांक जसजसा वाढत गेला, तसतसे विषाणूची लागण होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवरून ९० टक्क्यांपर्यंत गेले आणि प्रत्यक्ष सर्दी होणाऱ्यांचे सुमारे २७ टक्क्यांवरून ४७ टक्क्यांपर्यंत. धूम्रपान, मद्यपान, व्यायाम, आहार, झोप हे सगळे हिशेबात धरले, तरी हा संबंध टिकून राहिला.

ताण आणि स्वास्थ्य यांच्या मापनावरील पुस्तकाची सुरुवात या प्रयोगाने करण्यामागे कारण आहे. लोकांना विचारून मिळालेली माहिती म्हणजे कच्चा पुरावा आणि प्रयोगशाळेतून आलेली ती पक्की, अशी समजूत आपल्याकडच्या वैद्यकीय शिक्षणात खोल रुजली आहे. इथे मात्र कागदावर केलेल्या खुणांनी विषाणू कोणाच्या शरीरात पाय रोवणार याचा अंदाज दिला. माणूस आपल्या जगण्याबद्दल जे सांगतो ते नीट विचारले, नीट नोंदवले आणि नीट वाचले, तर तो भक्कम पुरावा असतो. मात्र या तीनही क्रिया ‘नीट’ व्हाव्या लागतात. मापनीचा आकडा थर्मामीटरच्या पाऱ्यासारखा आपोआप चढत नाही. विचारणारा आणि सांगणारा यांच्यात घडलेल्या संवादातून तो तयार होतो आणि त्या संवादाची जी प्रत, तीच आकड्याची. या पुस्तकातले प्रत्येक प्रकरण या एका गोष्टीकडे वळते.

हे पुस्तक सामाजिक वैद्यकशास्त्र, परिचर्या, मानसशास्त्र आणि समाजकार्य यांचे विद्यार्थी, त्यांचे मार्गदर्शक आणि घरोघर जाऊन प्रश्न विचारणारे सर्वेक्षक यांच्यासाठी आहे. शेवटच्या गटाचा उल्लेख मी मुद्दाम करतो. प्रबंधात ‘ताण मोजला’ एवढे दोन शब्द येतात. पण ते मोजमाप ज्याने उन्हातान्हात, ओसरीवर बसून केलेले असते, त्याच्यासाठी मराठीत लिहिलेले साहित्य फार थोडे आहे.

ताण मोजण्याचा इतिहास आधी समजून घेतला पाहिजे, कारण आज वापरात असलेल्या मापन्यांमधले मतभेद तिथूनच आले आहेत. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली शरीराच्या एका सर्वसाधारण प्रतिक्रियेचे वर्णन केले. कारण कोणतेही असो, शरीर एका ठरावीक पद्धतीने झुंजते आणि थकते, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे प्रश्न उभा राहिला तो रोजच्या आयुष्याचा. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ साली आयुष्यातल्या ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येकीला भार दिला. जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, विवाह ५०, नाताळ १२. वर्षभरात घडलेल्या घटनांचे भार मिळवले की ताणाचा अंदाज येतो, अशी ही कल्पना होती. विवाहासारखी आनंदाची घटनासुद्धा यादीत आहे याचे कारण असे, की घडी बदलली की माणसाला जुळवून घ्यावे लागते आणि जुळवून घेण्याला शक्ती लागते.

ही यादी जशीच्या तशी भारतात वापरता येणार नाही, हे उघड होते. गुरमीत सिंग, दलबीर कौर आणि हरशरण कौर यांनी १९८४ साली भारतीय परिस्थितीसाठी ५१ घटनांची मापनी प्रसिद्ध केली. जोडीदाराचा मृत्यू याही यादीच्या शिरोभागी आहे. पण मुलीचे किंवा अवलंबून असलेल्या बहिणीचे लग्न, हुंड्यावरून वाद, मूल नसणे, मुलगा नसणे या घटनाही तिथे आहेत. ही यादी वाचताना आपल्या समाजाचे एक चित्र डोळ्यांसमोर उभे राहते आणि ते फारसे सुखद नाही. तरीही चांगली मापनी अशीच असावी लागते. लोकांना खरोखर जे सोसावे लागते, ते तिच्यात असले पाहिजे.

घटनांच्या याद्यांना एक मर्यादा होती. एकाच गावात, एकाच वर्षी पीक गेलेले दोन शेतकरी घ्या. एकाचा भाऊ नोकरीत आहे, घरात दुभती जनावरे आहेत. दुसऱ्यावर सावकाराचे कर्ज आहे आणि मुलीचे लग्न ठरलेले आहे. यादीत दोघांची खूण एकाच घटनेसमोर पडेल. रिचर्ड लाझारस यांनी याच जागी बोट ठेवले होते. समोरचे संकट किती मोठे आहे आणि त्याला तोंड द्यायला आपल्यापाशी काय आहे, याचा अंदाज माणूस स्वतः बांधत असतो आणि ताण त्या अंदाजातून येतो. हा विचार धरून शेल्डन कोहेन, टॉम कामार्क आणि रॉबिन मर्मेलस्टाइन यांनी १९८३ साली ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’ म्हणजे जाणवलेल्या ताणाची मापनी तयार केली. काय घडले हे ती विचारत नाही. गेल्या महिन्याभरात आयुष्य किती अनिश्चित, किती हाताबाहेर गेलेले आणि किती ओझ्याचे वाटले, हे ती विचारते.

या मापनीकडे जरा जवळून पाहू, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत ती वारंवार दिसते. मूळ प्रश्न १४ होते. पुढे १० प्रश्नांची आवृत्ती आली आणि आज तीच जास्त वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ‘कधीच नाही’ ते ‘खूप वेळा’ असे पाच पर्याय आणि ० ते ४ गुण. एकूण प्राप्तांक ० ते ४०. दहांपैकी चौथा, पाचवा, सातवा आणि आठवा हे प्रश्न उलट्या दिशेचे आहेत. आपल्या अडचणी आपण हाताळू शकू असा विश्वास वाटला का, गोष्टी मनासारख्या होत आहेत असे वाटले का, अशा आशयाचे हे प्रश्न. इथे ‘खूप वेळा’ म्हणणाऱ्याचा ताण कमी असतो, म्हणून बेरजेआधी हे गुण उलटवून घ्यावे लागतात. संगणकात माहिती भरताना ही पायरी सुटली, तर सहा प्रश्न एकीकडे ओढतात आणि चार दुसरीकडे. बेरीज मग सगळ्यांचीच मधोमध येते, आणि आपल्या नमुन्यात सर्वांना मध्यम ताण आहे असा सुबक पण खोटा निष्कर्ष निघतो. विश्लेषण सुरू करण्यापूर्वी या चार प्रश्नांचा उरलेल्या सहांशी सहसंबंध तपासण्याची सवय प्रत्येक विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १३ पर्यंत कमी ताण, १४ ते २६ मध्यम आणि २७ पासून पुढे तीव्र, अशी विभागणी असंख्य प्रबंधांत आढळते. ही मापनी निदानासाठी केलेली नाही आणि तिला अशा सीमारेषा नाहीत, हे खुद्द कोहेन यांनी स्पष्ट केले आहे. तिचा उपयोग तुलनेसाठी आहे. एका गटाची दुसऱ्याशी, किंवा त्याच माणसांची सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी तुलना तिच्या आधारे करता येते. एखाद्या महाविद्यालयातील इतके टक्के विद्यार्थी तीव्र तणावग्रस्त आहेत, असे वाक्य या मापनीवरून लिहिता येत नाही. असे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात गेले की ते मागे घेता येत नाही, म्हणून ते लिहिण्याआधीच थांबायला हवे.

स्वास्थ्याचे मापन ही ताणाच्या मापनाची उलटी बाजू आहे, असा समज असतो. ताण नाही म्हणजे माणूस सुखात आहे, असे मात्र होत नाही. निवृत्तीनंतर घरी एकट्याने दिवस काढणाऱ्याला फारसा ताण नसेल, पण सकाळी उठून करण्यासारखे काही आहे असेही त्याला वाटत नसेल. उलट लहान मूल आणि नोकरी सांभाळणारी तरुणी ताणाखाली असते आणि तरी तिचे आयुष्य तिला भरलेले वाटू शकते. म्हणून स्वास्थ्यासाठी स्वतंत्र प्रश्न लागतात. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची मापनी १९९८ पासून वापरात आहे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, झोपेतून उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या जगण्यात रस वाटण्याजोगे काही होते का, एवढेच ती विचारते. उत्तरे ० ते ५ मध्ये. बेरजेला चारने गुणले की प्राप्तांक १०० पैकी मिळतो, आणि तो ५० किंवा त्याहून कमी असेल तर पुढची तपासणी करावी असे सुचवले जाते. तिच्यात आजाराचा एकही शब्द नाही. त्यामुळे मानसिक आजाराचे नाव काढताच गप्प होणारी माणसेही इथे मोकळेपणी उत्तर देतात. भारतातही आर. नागपाल आणि एच. सेल यांनी १९८०च्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेच्या दिल्लीतील प्रादेशिक कार्यालयाच्या साहाय्याने ४० प्रश्नांची स्वास्थ्य-सूची तयार केली होती. नव्या संशोधकांनी तिच्याकडे पुन्हा पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मापन्यांचा तिसरा गट चाळणीचा. डेव्हिड गोल्डबर्ग यांची १९७२ मधील सामान्य आरोग्य प्रश्नावली आणि तिची १२ प्रश्नांची छोटी आवृत्ती, जागतिक आरोग्य संघटनेची २० प्रश्नांची स्वयं-निवेदन प्रश्नावली, नैराश्यासाठीची ९ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ या सगळ्यांचे काम एकच : दवाखान्यात आलेल्या अनेकांमधून पुढची तपासणी कोणाची करावी ते सुचवणे. गोव्यातील प्राथमिक आरोग्यसेवेत विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पाच प्रश्नावल्या सुमारे ६०० रुग्णांवर शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. पाचही कामाच्या ठरल्या. गोल्डबर्ग यांची प्रश्नावली आणि स्वयं-निवेदन प्रश्नावली त्यांत सरस होत्या. पण प्रश्नावलीने ज्यांना ‘त्रास आहे’ असे ठरवले, त्यांच्यापैकी सविस्तर मुलाखतीत खरोखर आजार आढळलेल्यांचे प्रमाण प्रश्नावलीनुसार ५१ ते ७७ टक्के होते. सर्वांत कमी प्रमाण असलेल्या प्रश्नावलीत चाळणीत अडकलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना आजार नव्हता. चाळणीच्या आकड्याला आजाराचे प्रमाण म्हणून छापणे किती धोक्याचे आहे, हे यावरून कळावे.

आता प्रत्यक्ष विचारण्याकडे वळू. सर्वेक्षणाचे काम केलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा हा प्रसंग आहे. ओसरीवर चटई टाकलेली. समोर घरची सून, शेजारी तांदूळ निवडत बसलेली सासू, दारात दोन पोरे. सर्वेक्षक वाचते, “वहिनी, गेल्या महिन्याभरात अडचणींचा डोंगर झालाय, आता आपल्याला झेपणार नाही, असं किती वेळा वाटलं?” उत्तर येते, “छे हो ताई, सगळं बरं आहे. देवाच्या दयेने काही कमी नाही.” ‘कधीच नाही’ समोर खूण होते. पंधरा मिनिटांनी निरोप द्यायला फाटकापर्यंत आलेली तीच बाई हळूच सांगते, “मघाशी विचारत होता ना ताई, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही.” कागदावर शून्य गेलेले असते. सोयीची वेळ, एकांत आणि विचारणारी बाई की पुरुष, यांचा प्राप्तांकावर प्रश्नाच्या शब्दांइतकाच परिणाम होतो. तरी प्रबंधांच्या संशोधन पद्धतीच्या प्रकरणात यांबद्दल सहसा एक ओळही नसते. मुलाखत कोठे झाली, जवळ कोण होते, कोणी घेतली, याची नोंद प्राप्तांकासोबत झालीच पाहिजे, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी दिसेल.

काळाची चौकटही अशीच. ‘गेला महिना’ ही कॅलेंडरची भाषा झाली. पुष्कळ ठिकाणी ‘पोळ्यापासून’, ‘गणपती उठल्यापासून’ असे म्हटले की आठवण नेमकी होते. पाच पर्यायांपैकी ‘क्वचित’ आणि ‘कधीकधी’ यांतला फरक वाचून दाखवताना निसटतो. तिथे रिकाम्यापासून काठोकाठ भरलेल्या पाच पेल्यांचे चित्र समोर ठेवले तर उत्तर देणे सोपे जाते. परक्या भाषेतली मापनी मराठीत आणताना दोन स्वतंत्र भाषांतरे, त्यांचा मेळ, मूळ भाषेत उलट भाषांतर, आणि मग काही माणसांसोबत बसून ‘हा प्रश्न ऐकून तुमच्या मनात काय आले?’ असे एकेका प्रश्नाबद्दल विचारणे, ही पायऱ्यांची वाट आहे. यातली शेवटची पायरी सर्वांत मोलाची आणि नेमकी तीच गाळली जाते. झिंबाब्वेत तर याहून पुढे जाऊन शोना भाषक रुग्ण आपला त्रास ज्या शब्दांत सांगतात त्यांवरूनच १४ प्रश्नांची मापनी बांधली गेली. हरारेत दवाखान्याच्या अंगणातल्या बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आज्यांच्या प्रसिद्ध उपक्रमात पुढे ती उपयोगी पडली. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्यांसाठी असे काम व्हायला हवे, आणि ते मराठी संशोधकच करू शकतील.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता यांवर पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत, म्हणून इथे एवढेच सांगतो : क्रॉनबाखचा अल्फा ०.७० च्या वर आला म्हणजे मापनी सिद्ध झाली, असे नव्हे. प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढेच तो सांगतो. ते योग्य गोष्ट मोजतात की नाही, हे दुसऱ्या पुराव्याने दाखवावे लागते.

या सगळ्या काळजीचे फळ काय, हे पाहायचे तर अमरावती जिल्ह्यात यावे लागेल. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर तिथल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या आणि नंतरच्या अशा दोन सर्वेक्षणांत नैराश्य ओळखण्यासाठी पीएचक्यू-९ वापरली होती. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कोणाकडे तरी गेलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि नैराश्याचे प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आले. तुलनेला कार्यक्रम नसलेली गावे नव्हती, त्यामुळे सगळा बदल कार्यक्रमामुळेच झाला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरीही नैराश्य असलेल्या शंभरातली पंचाण्णवांपेक्षा जास्त माणसे कोणाकडेच जात नव्हती, हे वास्तव नऊ प्रश्नांनी उजेडात आणले. ते ‘जाणवत होते’ म्हणून भागले नसते. आरोग्यखात्यापुढे मांडायला आकडा लागतो.

आकड्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ताणाचा प्राप्तांक एका माणसाच्या नावापुढे लिहिला जातो आणि मग त्याचे कारणही त्याच माणसात शोधण्याचा मोह होतो. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि झालेले मूल मुलगी असणे. या बायकांना केवळ दीर्घ श्वसन शिकवून भागणार नाही. मापनीबरोबर घरातले पैसे, कर्ज, पाणी, कामाचे तास आणि मारहाण यांचीही माहिती घेतली, तरच आकडा खऱ्या कारणापर्यंत पोहोचतो. कचेऱ्या आणि कारखाने आता कर्मचाऱ्यांचा ताण मोजू लागले आहेत. त्यांनाही हेच लागू आहे. दोन माणसांचे काम एकाला देऊन त्याचा प्राप्तांक तेवढा टिपायचा, याला स्वास्थ्याची काळजी म्हणता येणार नाही.

शेवटी नीतीचा प्रश्न. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न मरणाच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याला ‘हो’ असे उत्तर आले तर पुढे काय करायचे, हे सर्वेक्षकाला पहिल्या घरी जाण्याआधी माहीत असले पाहिजे. त्या व्यक्तीला एकटे न सोडता कोणाला फोन करायचा, जवळचा मानसोपचार बाह्यरुग्ण विभाग कोणत्या दिवशी चालतो, ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक कसा द्यायचा, हे लेखी ठरलेले हवे. तशी तयारी नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो गाळून पुढे जाणे हा मार्गही नाही. तयारी होईपर्यंत सर्वेक्षण थांबवावे.

वाचकांकडे माझ्या काही मागण्या आहेत. मापनी का निवडली याचे कारण प्रबंधात लिहा. ज्येष्ठांच्या प्रबंधाच्या परिशिष्टात सापडली, हे कारण पुरेसे नाही. वापरलेले मराठी प्रश्न जसेच्या तसे छापा, म्हणजे पुढच्याला ते तपासता आणि सुधारता येतील. मापनीच्या वापराची परवानगी आधी घ्या. सर्वेक्षकांची नावे ऋणनिर्देशात घाला आणि त्यांचे प्रशिक्षण निधीच्या पहिल्या रकान्यात मांडा. आणि ज्या गावातून, ज्या वॉर्डातून उत्तरे घेतली तिथे जाऊन निष्कर्ष सांगा, त्यांच्या भाषेत. लोक आपल्याला झोप न लागलेल्या रात्री आणि मनातल्या धास्ती सांगतात, त्या बदल्यात बहुधा काहीच न मागता. त्यांच्या उत्तरांमधून निघालेले ज्ञान त्यांच्या उपयोगी पडले, तरच हे मोजमाप करण्यात अर्थ आहे.